अर्धं ऑपरेशन डॉक्टरांचं, अर्धं आपलं



वर्गात कुणी वेंधळेपणा केला, की ‘याला अजून अक्कलदाढ आलेली दिसत नाही’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. आता खरं सांगायचं, तर तुमच्या बाबतीत हे बोलणं अगदी बरोबर आहे. तुम्ही सातवीत असा नाहीतर दहावीत, तुमची अक्कलदाढ बहुतेक अजून यायचीच आहे! ती साधारणपणे वयाच्या १७ ते २१ वर्षांच्या दरम्यान येते. कुणाला पंचविशीत येते, तर कुणाला कधीच येत नाही. ज्यांना येत नाही ते बिनअकलेचे राहतात असं मात्र मुळीच नाही, बरं का!

या दाढेला जगभर मोठी गमतीची नावं आहेत. लॅटिन भाषेत तिला ‘शहाणपणाचा दात’ म्हणतात. तुर्की भाषेत ती ‘वीस वर्षांचा दात’. कोरियात तिचं नाव ‘प्रेमाचा दात’, कारण ती त्याच वयात येते. आणि जपानी नावाचा अर्थ आहे ‘आईबापांना ठाऊक नसलेली’. मुलं मोठी होऊन घराबाहेर पडल्यावर दाढ येणार, मग आईबाबांना कळणार कसं?

ही दाढ कधीकधी नीट वर येतच नाही. हाडात आणि हिरडीत अडकून बसते आणि छळायला लागते. मग छोटं ऑपरेशन करून ती काढावी लागते. तुम्ही म्हणाल, ‘आम्हाला काय त्याचं? आमची यायला अजून वेळ आहे.’ पण तुमची ताई, दादा, मावशी किंवा काका यांच्यापैकी कुणीतरी गाल धरून बसलेलं तुम्ही पाहिलं असेल. दाढ काढून घरी आलेल्या माणसाकडे आठवडाभर लक्ष द्यायला घरात एक जाणकार लागतो. आज हा लेख वाचून तो जाणकार तुम्ही व्हायचं. पुढे कधी तुमची पाळी आलीच, तर त्या वेळी ही माहिती तुमच्याही उपयोगी पडेल.

शेवटच्या थांब्यावरचा प्रवासी

आपले दुधाचे दात २०. ते पडून पक्के दात येतात ते ३२. त्यांत दाढांचा हिशेब असा: पहिली मोठी दाढ साधारण सहाव्या वर्षी, दुसरी बाराव्या वर्षी आणि तिसरी, म्हणजे अक्कलदाढ, सगळ्यांत शेवटी. वर दोन, खाली दोन, अशा एकूण चार.

पण ‘येते’ सतराव्या वर्षी म्हणजे ‘तयार होते’ सतराव्या वर्षी, असं समजू नका. ही दाढ आठव्या-दहाव्या वर्षापासूनच जबड्याच्या हाडात घडायला लागते. आधी तिचा वरचा भाग, म्हणजे माथा तयार होतो, मग सावकाश मुळं वाढतात. तुम्ही दहा-बारा वर्षांचे असाल, तर आत्ता हे वाचत असतानाही तुमच्या जबड्यात हे काम चाललेलं असणार. ना आवाज, ना दुखणं!

मग अडचण कुठे येते? जागेत. एसटीत शेवटच्या थांब्यावर चढणाऱ्या प्रवाशाची कशी गत होते? सगळ्या सीटा भरलेल्या. मग तो बिचारा कुठेतरी अंग चोरून, तिरपा होऊन उभा राहतो. अक्कलदाढेचं तसंच होतं. खालची अक्कलदाढ सुरुवातीला जबड्यात पुढे झुकलेलीच असते. जबडा लांबीने वाढत गेला की ती हळूहळू सरळ होते. पण जबडा पुरेसा वाढला नाही, तर ती तशीच तिरपी राहते आणि पुढच्या दाढेला डोकं टेकवून अडकते.

आपल्या आदिमानव पूर्वजांचे जबडे आपल्यापेक्षा मोठे होते. कच्चं मांस, कंदमुळं, कठीण दाणे चावून चावून ते भक्कम व्हायचे. माणूस विस्तवावर शिजवून खायला लागला, पीठ दळायला लागला, आणि चावण्याचं काम कमी झालं. जबडे लहान झाले, पण दातांची संख्या तीच राहिली. या अडकलेल्या दाढांच्या तऱ्हा अमेरिकेतले दंतशल्यविशारद जॉर्ज विंटर यांनी १९२६ साली आपल्या पुस्तकात नीट मांडल्या: पुढे झुकलेली, सरळ उभी, आडवी पडलेली, मागे झुकलेली. डॉक्टर आजही याच तऱ्हांनी दाढ ओळखतात, कारण दाढ कशी काढायची हे ती कशी झुकली आहे यावर बरंचसं ठरतं.

काढायची की राहू द्यायची?

‘अडकली आहे ना, मग काढून टाका!’ असं म्हणणं सोपं आहे. पण प्रत्येक अडकलेली दाढ काढावीच लागते असं नाही. हाडात खोलवर शांत झोपलेली, कुणाला काही त्रास न देणारी दाढ काढण्यात तोटाच जास्त होऊ शकतो. इंग्लंडमध्ये २००० साली तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी असाच नियम झाला, की ज्या अडकलेल्या दाढेमुळे कोणताही आजार झालेला नाही, ती नुसती सावधगिरी म्हणून काढू नये. काही देशांतले डॉक्टर याहून थोडं वेगळं मत मांडतात. पण ‘लक्ष ठेवायचं आणि कारण असेल तरच हात लावायचा’ हे बहुतेक सगळ्यांना पटतं.

मग कारणं कोणती? पहिलं आणि नेहमीचं म्हणजे हिरडीची सूज. दाढ अर्धी बाहेर आणि अर्धी हिरडीखाली असली, की तिच्यावर हिरडीची एक झाकणी राहते. त्या झाकणीखाली भाताचं शीत, शेंगदाण्याचा कण जाऊन बसतो. ब्रश तिथे पोचत नाही. जंतूंची चंगळ होते! हिरडी सुजते, तोंड नीट उघडत नाही, गिळताना दुखतं. एकदा बरं झालं तरी हे पुन:पुन्हा होत राहतं.

दुसरं कारण म्हणजे कीड. तिरपी दाढ आणि पुढची दाढ यांच्या फटीत अन्न साचून दोन्ही किडतात. पुढची दाढ तर चांगली, कामाची असते. तिला वाचवण्यासाठी मागचीला निरोप द्यावा लागतो. तिसरं, थोडं विरळा कारण म्हणजे अडकलेल्या दाढेभोवती हाडात पाण्याची पिशवी तयार होणं.

आणि ही काही ‘कारणं’ ऐकली तर सरळ विसरून जा. ‘अक्कलदाढेच्या रेट्याने पुढचे दात वाकडे होतात, म्हणून काढा’ असं पुष्कळदा सांगितलं जातं, पण अभ्यासातून याला आधार मिळालेला नाही. याच्या उलट काही जण भीतीपोटी दाढ काढायचीच टाळतात. ‘वरची दाढ काढली की नजर अधू होते’ असं गावोगावी म्हणतात. हे साफ चूक आहे. पाहण्याचं काम करणारा मज्जातंतू डोळ्यातून थेट मेंदूकडे जातो, त्याचा दाताशी काही संबंध नाही. आणि अक्कलदाढ काढली म्हणून अक्कलही जात नाही!

आधी नकाशा, मग मोहीम

शिवाजी महाराजांचे मावळे गड चढायच्या आधी वाट हेरून ठेवत. डॉक्टरही तेच करतात. विल्हेल्म रोंटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि न कापता हाडाच्या आत डोकावता येऊ लागलं. आज दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणारा मोठा एक्स-रे काढतात. यंत्र तुमच्या डोक्याभोवती फिरतं, तुम्ही फक्त हनुवटी टेकून शांत उभं राहायचं. काही सेकंदांत काम होतं.

या चित्रात डॉक्टर दोन गोष्टी बघतात. एक, दाढ कशी झुकली आहे, किती खोल आहे आणि तिची मुळं सरळ आहेत की आकड्यासारखी वळलेली. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. खालच्या जबड्याच्या हाडातून एक बोगदा जातो. त्या बोगद्यातून जाणारा मज्जातंतू, म्हणजे आपण बोलताना ज्याला ‘नस’ म्हणतो तो, खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देतो. कधीकधी दाढेची मुळं या बोगद्याला अगदी खेटून असतात. जिभेला संवेदना देणारा दुसरा एक मज्जातंतूही जवळूनच जातो. यांना धक्का लागला, तर ओठाला किंवा जिभेला बधिरपणा राहू शकतो. असं थोड्याच जणांच्या बाबतीत होतं आणि बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो. अगदी क्वचित तो कायमचा राहतो. म्हणून चांगले डॉक्टर हे आधीच सांगतात आणि शंका असेल तर सगळ्या बाजूंनी दिसेल असा स्कॅनही काढायला लावतात. काही वेळा तर ते दाढेचा माथा तेवढाच काढून मुळं मुद्दाम आतच ठेवतात. मुळं निरोगी असतील, तर त्यांच्यावर हाड वाढून ती तिथेच राहू शकतात.

पालकांसाठी इथे एक सूचना. डॉक्टरांना तीन प्रश्न न संकोचता विचारा: ही दाढ काढण्याचं कारण काय? नाही काढली तर काय होईल? मज्जातंतू किती जवळ आहे? आणि त्यांनी विचारलं की सांगा: चालू असलेली औषधं, कशाची ॲलर्जी, मधुमेह, हृदयाचा आजार, जखमेतून रक्त लवकर न थांबण्याची सवय. यातलं काहीही लपवू नका. खर्चाची चिंता असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात ही ऑपरेशनं होतात, हेही ध्यानात असू द्या.

खुर्चीत बसल्यावर

आता प्रत्यक्ष ऑपरेशन. समजा तुमच्या ताईची खालची दाढ काढायची आहे. सगळ्यांत आधी तिथली जागा बधिर करायची.

हे आज इतकं साधं वाटतं, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. पूर्वी चार जणांनी धरून ठेवायचं आणि दात ओढायचा, अशी तऱ्हा होती. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरात होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने स्वतः नायट्रस ऑक्साइड, म्हणजे ‘हसवणारा वायू’ हुंगला आणि आपल्या सहकाऱ्याकडून स्वतःचीच दाढ काढून घेतली. दुखलं नाही! पुढे १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिग्नोकेन हे औषध तयार केलं. लुंडक्विस्टने तर ते स्वतःलाच टोचून तपासलं. आज ताईच्या इंजेक्शनमध्ये असतं ते बहुधा हेच. त्यात थोडं ॲड्रिनॅलिनही मिसळतात. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून रक्त कमी येतं आणि औषधाचा असर जास्त वेळ टिकतो.

सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं. मग पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड, सुजल्यासारखी वाटते. आरशात पाहिलं तर काहीच सुजलेलं नसतं! ताई जागीच असते, ऐकत असते. तिला दाब कळतो, हलवलेलं कळतं, पण दुखत नाही. दुखलंच, तर हात वर करायचा. डॉक्टर थांबतात आणि आणखी औषध देतात. दाढ फारच अवघड असली किंवा चारही एकदम काढायच्या असल्या, तर कधी रुग्णालयात पूर्ण भूल देतात. त्या वेळी उपाशीपोटी जावं लागतं. नुसती जागा बधिर करायची असेल, तर मात्र व्यवस्थित जेवून जावं, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात.

पुढच्या पायऱ्या अशा:

पहिली पायरी: हिरडीला छोटा छेद देऊन ती पुस्तकाचं पान उलटावं तशी हळूच बाजूला करतात. आता हाड आणि दाढ दिसते.

दुसरी पायरी: दाढेला धरून बसलेलं हाड थोडं कोरून काढतात. पूर्वी यासाठी छिन्नी आणि हातोडी वापरायचे. आता बहुतेक ठिकाणी मिनिटाला हजारो फेरे घेणारं बारीक टोकाचं यंत्र वापरतात. त्यावर सलाइनच्या पाण्याची धार सतत चालू असते. का माहीत आहे? घासून हाड तापतं, आणि तापमान मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसच्या वर राहिलं, तरी हाडाच्या पेशी मरायला लागतात. त्या पाण्याने हाड थंड राहतं.

तिसरी पायरी सगळ्यांत हुशारीची. मोठं कपाट अरुंद दारातून बाहेर काढायचं असेल तर आपण काय करतो? भिंत पाडत नाही, कपाटाचे भाग सुटे करतो. डॉक्टरही दाढेचे दोन किंवा तीन तुकडे करतात आणि एकेक तुकडा काढतात. त्यामुळे हाड कमी कोरावं लागतं आणि जखम लवकर भरते. काढताना ओढाओढ नसते. एका चपट्या टोकाच्या हत्याराने तरफेसारखा रेटा देऊन तुकडा उचलतात. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ इथे कामाला येते!

चौथी पायरी: रिकामी झालेली खोबणी स्वच्छ धुतात, हिरडीचं पान पुन्हा जागेवर बसवतात आणि टाके घालतात. टाके रेशमी असतील तर साधारण आठवड्याने काढतात, विरघळणारे असतील तर ते आपोआप पडतात.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. वरची अक्कलदाढ सहसा याहून सोपी, कारण तिथलं हाड जास्त नरम असतं. हाडातून आवाज थेट कानात जातो, म्हणून ताईला यंत्राची घरघर मोठी ऐकू येईल. पण आवाज मोठा म्हणजे इजा मोठी, असं नसतं. हे तिला आधीच सांगून ठेवा.

आता आपली पाळी

डॉक्टरांचं काम झालं. ऑपरेशन मात्र अर्धंच झालं. उरलेलं अर्धं घरी व्हायचं असतं, आणि ते करते रक्ताची एक गुठळी.

खोबणीत रक्त भरतं. रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि मऊ, लालसर गुठळी तयार होते. गुडघा फुटल्यावर खपली धरते ना, तशीच ही तोंडातली खपली. ती खालच्या उघड्या हाडावर पांघरूण घालते. तिच्याच आधाराने नवे पेशीजाल वाढतात. तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी भरून येते आणि आत पुढच्या काही महिन्यांत नवं हाड तयार होतं. हे सगळं त्या गुठळीच्या भरवशावर!

ती गुठळी सुटली किंवा विरघळली, तर हाड उघडं पडतं. याला ‘ड्राय सॉकेट’, म्हणजे कोरडी पडलेली खोबणी म्हणतात. कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदम उसळतं, कानापर्यंत जातं, तोंडाला घाण वास येतो. घाबरायचं कारण नाही. डॉक्टर ती जागा धुऊन औषधाची पट्टी ठेवतात आणि आराम पडतो. पण ती वेळच येऊ नये, हे उत्तम.

म्हणून डॉक्टर जे दहा नियम सांगतात, ते पाठ करत बसू नका. ‘गुठळी हलू द्यायची नाही’ एवढं एक लक्षात ठेवा, बाकीचे नियम आपोआप समजतील.

पहिला दिवस. जखमेवर ठेवलेली गॉजची घडी अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायची. दाब असला की गुठळी नीट धरते. सारखी काढून बघायची नाही! थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, कारण या तिन्हींत तोंडात ओढ बसते आणि गुठळी सुटते. लाळ गिळून टाकायची. लाळ दिवसभर गुलाबी दिसेल. रक्ताचा एक थेंब भरपूर लाळेत मिसळला की खूप रक्त असल्यासारखं वाटतं, म्हणून ताईला धीर द्या. गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा, पुन्हा ठेवायचा. बधिरपणा जाईपर्यंत दोन-चार तास काही चावायचं नाही, नाहीतर स्वतःचाच ओठ चावला जाईल आणि कळणारही नाही. झोपताना डोक्याखाली दोन उशा. पळापळ, जड उचलणं बंद.

खायला काय? थंड दूध, ताक, आइस्क्रीम (चमच्याने, कोन नको), गार झालेली नाचणीची पेज, गुरगुट्या भात, मऊ मुगाची खिचडी. गरमागरम, तिखट आणि शेव-चिवड्यासारखं कुरकुरीत काही नको. शेंगदाण्याचा एक कण खोबणीत गेला तरी तो ठणका लावतो.

दुसरा आणि तिसरा दिवस. चोवीस तास झाले, की पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा. जोराने खळखळायचं नाही. पाणी तोंडात घ्यायचं, मान इकडेतिकडे कलती करायची आणि पाणी अलगद पडू द्यायचं. प्रत्येक जेवणानंतर आणि झोपताना. बाकीचे दात ब्रशने घासायचेच, फक्त जखमेपासून जरा लांबून.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यांत जास्त असते. गाल लाडू कोंबल्यासारखा दिसतो, तोंड नीट उघडत नाही, कधी गालावर निळसर-पिवळा डाग पडतो. घरचे घाबरतात, ‘बिघडलं वाटतं!’ म्हणतात. नाही, हे बरं होण्याचंच लक्षण आहे. त्यानंतर सूज उतरायला लागते आणि आठवडाभरात चेहरा पूर्ववत होतो.

औषधं. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी बधिरपणा पूर्ण उतरायच्या आतच घ्यायची, म्हणजे ठणका वाढत नाही. जंतुनाशक औषध प्रत्येकाला लागतंच असं नाही. दिलं असेल तर सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं, दिलं नसेल तर शेजारच्या काकूंकडचं उरलेलं घ्यायचं नाही. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवायची तर मुळीच नाही. त्याने हिरडी भाजते.

तंबाखू. हे घरातल्या मोठ्यांसाठी. विडी-सिगरेट, गुटखा, तंबाखू, मिश्री, काहीही नाही. मिश्रीने दात दुखायचे थांबतात असं म्हणणाऱ्या आजी असतात. पण तंबाखूमुळे जखमेचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि सिगरेटचा झुरका म्हणजे पुन्हा तीच ओढ. आणि बाबांनी ऑपरेशनच्या निमित्ताने आठवडाभर तंबाखू सोडलीच, तर आठव्या दिवशी तुम्ही पुडी लपवून ठेवायला मी हरकत घेणार नाही!

केव्हा धाव घ्यायची?

बरं होणं म्हणजे रोज थोडं थोडं चांगलं वाटणं. जे रोज वाढत जातं, ते बरं होणं नव्हे. घडी अर्धा तास घट्ट चावूनही रक्त थांबत नसेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरण्याऐवजी वाढत असेल, ताप येत असेल, पू येत असेल, किंवा ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, तर डॉक्टरांना कळवा.

आणि एक गोष्ट अगदी कोरून ठेवा. हनुवटीखाली, गळ्याशी सूज आली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरला की श्वासाची वाट बंद होऊ शकते. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हा दाढ काढल्यामुळेच होतो असं नाही. दुखणारी, सुजलेली दाढ महिनोन्‌महिने अंगावर काढणाऱ्यांनाही होतो. म्हणूनच ऑपरेशनच्या भीतीने लवंग आणि गोळीवर दिवस ढकलणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा.

जाता जाता

आज रात्री दात घासताना आरशासमोर उभे राहा आणि आपल्या दाढा मोजा. मग आई, बाबा, ताई, दादा, आजोबा सगळ्यांना विचारा: कुणाला अक्कलदाढा आल्या, किती आल्या, कोणत्या वर्षी आल्या, कुणाच्या काढल्या? वहीत एक तक्ता करा. घरातल्या प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघेल, बघा.

आणि घरात कुणाची दाढ काढायची ठरली असेल, तर बर्फाचा ट्रे भरून फ्रीजमध्ये ठेवा, मीठ आणि पेला काढून ठेवा, आणि घड्याळ हातात घ्या. घडी किती वेळ चावायची, बर्फ केव्हा ठेवायचा, चुळा केव्हा सुरू करायच्या, हे सगळं आता तुम्हाला ठाऊक आहे. ताईला बोलता येणार नाही, म्हणून तिच्याजवळ पाटी-पेन्सिल ठेवायला विसरू नका. आणि तिला हसवू नका हं, निदान पहिल्या दिवशी तरी. टाके ओढले जातात!